पियानो लावणाऱ्याची विद्या

मैफिलीत श्रोत्यांचे लक्ष असते ते गाणाऱ्याकडे किंवा वाजवणाऱ्याकडे, आणि ते स्वाभाविकही आहे. गवई आपला तंबोरा आपणच लावतो. सतारिये आणि व्हायोलिनवादकही आपापली वाद्ये स्वतःच सुरात आणतात. पियानोची गोष्ट मात्र निराळी आहे. थोरातल्या थोर पियानोवादकालाही आपले वाद्य सहसा स्वतः लावता येत नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्या एका माणसाच्या कानावर आणि मनगटावर विसंबून राहावे लागते. हा माणूस मैफल सुरू होण्याच्या किती तरी आधी येतो, रिकाम्या सभागृहात तास-दीड तास एकेक तार ठोकून पाहतो आणि श्रोते येऊ लागण्यापूर्वी आपली हत्यारे पिशवीत भरून निघून जातो. त्याची विद्या कोणती, ती त्याला कोठून मिळते आणि ती टिकते तरी कशी, या प्रश्नांकडे संगीताच्या रसिकांनी थोडे लक्ष द्यावे अशी आज परिस्थिती आहे.

वाद्याची रचना

पियानोचा जन्म इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने तो घडवला, आणि त्या घराण्याच्या १७०० सालच्या वाद्यसूचीत त्याची नोंद सापडते. त्यापूर्वीच्या हार्पसिकॉर्ड या वाद्यात पट्टी दाबली म्हणजे तार छेडली जाई. बोट हलके पडो वा जोराने, आवाज जवळजवळ सारखाच निघे. क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी तारेवर लहानशी हातोडी मारण्याची योजना केली, आणि हलका व मोठा असे दोन्ही आवाज वादकाच्या बोटांच्या स्वाधीन केले. त्याची खरी करामत पुढेच आहे. हातोडी तारेला चिकटून राहिली तर नाद तेथल्या तेथे दबून जाईल. म्हणून तार अगदी जवळ आली असता पट्टीचा जोर हातोडीवरून निसटतो, उरलेले अंतर हातोडी केवळ आपल्या वेगाने पार करते आणि आघात करून लगेच मागे येते. त्या कारागिराने केलेल्या पियानोंपैकी तीनच आज शिल्लक आहेत. त्याने योजलेले ते तत्त्व मात्र प्रत्येक पियानोत अद्याप कायम आहे.

आजच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात आणि तारा सुमारे २३०. कारण बहुतेक स्वरांसाठी तीन-तीन तारा एकाच सुरात लावलेल्या असतात. या सर्व तारांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. तो पेलण्यासाठी आत ओतीव लोखंडाची चौकट बसवावी लागते. प्रत्येक तार पोलादी खुंटीला गुंडाळलेली असते आणि ती खुंटी कठीण लाकडाच्या फळीत निव्वळ घर्षणाच्या बळावर उभी असते. तिला आटे घट्ट करणारा कसलाही स्क्रू नसतो. पियानो लावणारा आपल्या किल्लीने ही खुंटी केसभर फिरवतो, आणि त्या केसभराच्या फरकावर वाद्याचे सुरेल असणे अवलंबून असते.

बेसूर सारखा वाटून देणे

येथे एक मौजेची गोष्ट सांगावयास हवी. तंबोरा लावताना पंचम शुद्ध मिळाला की गवयाला समाधान वाटते. पियानो लावणारा मात्र पंचम प्रथम शुद्ध मिळवतो आणि मग जाणूनबुजून किंचित बिघडवतो. त्याला तसे करावेच लागते. एका स्वरापासून आरंभ करून शुद्ध पंचमांच्या बारा पायऱ्या चढत गेले, तर सात सप्तके वर त्याच स्वराशी परत यावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. बारा शुद्ध पंचम सात सप्तकांपेक्षा थोडे अधिक भरतात, आणि ही वाढ अर्ध्या स्वराच्या जवळजवळ चतुर्थांशाएवढी असते. गवयाला याची अडचण पडत नाही, कारण त्याचा षड्ज एकच असतो आणि गळा लवचिक असतो. पियानोवर मात्र कोणत्याही पट्टीला आधारस्वर मानून वाजवण्याची सोय हवी. तेव्हा ती वाढ कोठे तरी मुरवणे प्राप्तच होते. ती एकाच ठिकाणी टाकली तर तेवढी जागा असह्य होते. म्हणून पियानो लावणारा ती बारा पंचमांत सारखी वाटून टाकतो. प्रत्येक पंचम रतिभर उणा राहतो, आणि कोणताच कानाला टोचत नाही.

ही वाटणी तो कशाच्या आधारे करतो? दोन तारा जवळजवळ एका सुरात असल्या, पण नेमक्या एका सुरात नसल्या, म्हणजे त्यांचा मिळून नाद हेलकावे खातो. क्षणात मोठा, क्षणात लहान होतो. एका तारेची कंपने सेकंदाला ४४० आणि दुसरीची ४४१ असतील, तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवताना हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याने घेतलेला असतो. पियानो लावणारा हे हेलकावे मोजतो. वाद्याच्या मधल्या सप्तकाच्या आसपासचे काही पंचम चार सेकंदांत तीनएक हेलकावे देतील इतके उणे असावे लागतात, तर तेथील एखादा गांधार सेकंदाला सुमारे सात हेलकावे देईल इतका चढा असावा लागतो. सवय झालेला कान हे सर्व घड्याळावाचून ओळखतो. प्रथम मधले सप्तक असे बांधून घ्यावयाचे, मग त्यावरून वरची व खालची सप्तके, आणि शेवटी तीन-तीन तारांचे सूर एकजीव करावयाचे, असा कामाचा क्रम असतो.

याचे गणित पुस्तकात मिळते, पण खुंटी स्थिर करण्याची हातोटी पुस्तकात मिळत नाही. किल्लीने पीळ दिला की खुंटीचे वरचे टोक आधी वळते आणि लाकडात रुतलेले टोक मागाहून. तार घोडीवरून सरकताना अडखळते आणि तिचा ताण सर्व भागांत सारखा होत नाही. त्या घटकेला सूर अचूक वाटतो; दहा मिनिटे कोणी जोरकस वाजवले की तोच सूर उतरलेला असतो. जाणता कारागीर सूर किंचित वर नेऊन खाली आणतो, पट्टीवर ठोसे देऊन ताण मुरवतो आणि खुंटी जागच्या जागी बसली आहे हे हाताला कळल्याशिवाय पुढे जात नाही. हे कळण्यास वर्षे लागतात.

शिवाय सूर लावणे हा त्याच्या विद्येचा एक तृतीयांश भाग होय. दुसरा भाग यंत्रणेच्या जुळणीचा. पट्टी सुमारे एक सेंटिमीटर खाली जावी, हातोडी तारेपासून साडेचार सेंटिमीटरांच्या आसपास असावी आणि तार दोनएक मिलिमीटर राहिली असता पट्टीचा जोर निसटावा. आणि हे सर्व ८८ ठिकाणी सारखे असावे. तिसरा भाग नादाचा पोत घडवण्याचा. हातोडीवर दाबून बसवलेला लोकरीचा नमदा आघातांनी कठीण होतो आणि आवाज पत्र्यासारखा येऊ लागतो. तेव्हा कारागीर त्यात सुया टोचून तो मऊ करतो. एक टोचणी अधिक झाली तर आवाज मुका पडतो, आणि मग त्याला सहजासहजी इलाज नसतो. मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी जी घासतात, तिचीच ही विलायती बहीण म्हणावी. दोन्हीकडे काम हाताचे असले तरी निवाडा कानाचा असतो, आणि दोन्हीकडे शिष्याने गुरूशेजारी बसल्याखेरीज ते साधत नाही.

एका अंध कारागिराचे पुस्तक

अशी विद्या स्वभावतःच झाकली जाते. ज्याला ती येते त्याचे पोट तिच्यावर असते. आपले मर्म शेजाऱ्यास सांगितले तर गिऱ्हाईक जाईल ही भीती त्याला वाटते. या भीतीच्या उलट वागलेल्या एका माणसाची हकीकत म्हणूनच स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

क्लोद मोंताल हा १८०० साली फ्रान्समध्ये जन्मला आणि बालपणीच त्याची दृष्टी गेली. पॅरिसच्या अंध मुलांच्या ज्या संस्थेत पुढे लुई ब्रेल शिकला, त्याच संस्थेत तो विद्यार्थी होता आणि पुढे शिक्षकही झाला. तेथील पियानो लावण्यासाठी बाहेरून एक डोळस कारागीर येत असे. मोंताल आणि त्याचा एक सोबती यांनी त्या वाद्यांची अंतरंगे चाचपून पाहण्यास आरंभ केला. कारागिराने तक्रार केली आणि संस्थाचालकांनी या दोघांना वाद्यांना हात लावण्याची मनाई केली, असे त्याच्या चरित्रात सांगितलेले आढळते. तेव्हा त्या दोघांनी एक जुना पियानो मिळवला, तो संपूर्ण उलगडला, नादुरुस्त भाग नवे केले आणि पुन्हा जुळवून दाखवला. शेवटी संस्थेतील वाद्यांची देखभाल त्यांच्याकडेच आली.

संस्था सोडून १८३० च्या सुमारास मोंताल पॅरिसमध्ये स्वतंत्रपणे हे काम करू लागला, तेव्हा लोकांचा विश्वास बसेना. ज्याला खुंटी दिसत नाही तो तुटलेली तार कशी बदलणार, ही शंका होती. ती त्याने कामानेच फेडली. पण त्याचे मोठेपण पुढच्या गोष्टीत आहे. १८३६ साली त्याने आपला पियानो आपणच कसा लावावा याविषयी एक संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. कष्टाने मिळवलेली, ज्यावर स्वतःचे पोट अवलंबून होते ती विद्या त्याने छापून सर्वांपुढे ठेवली. यामुळे त्याचा धंदा बुडाला काय? नाही. ग्रंथामुळे त्याची जाणकारी सर्वांना कळली, त्याचा लौकिक वाढला, आणि पुढे तो स्वतः पियानो बनवू लागला. १८६५ साली तो वारला तोवर अंधांसाठी हा एक प्रतिष्ठेचा व्यवसाय ठरला होता. लंडनला १८७२ साली अंधांचे जे महाविद्यालय निघाले, त्याच्या शिक्षणक्रमात पियानो लावण्याला मानाचे स्थान होते. आणि अशा शाळांतून शिकलेल्या अनेक अंध कारागिरांनी पुढे युरोप-अमेरिकेत स्वावलंबी आयुष्य घालवले. एका माणसाने आपली विद्या झाकून ठेवली असती, तर या सर्वांच्या वाटा बंदच राहिल्या असत्या.

कारागिरांच्या बैठकी

मोंतालने जे एकट्याने केले, ते पुढे कारागिरांनी संघटितपणे केले. ब्रिटनमध्ये पियानो लावणाऱ्यांचा संघ १९१३ साली निघाला. अमेरिकेत दोन जुन्या संघटना १९५७ साली एकत्र येऊन ‘पियानो टेक्निशियन्स गिल्ड’ ही संस्था झाली. गिल्ड हा शब्द ऐकून मध्ययुगातील श्रेणी डोळ्यांपुढे येतात. त्या श्रेणी आपली गुपिते भिंतीआड ठेवीत. या संस्थेचा क्रम मात्र उलटा आहे. तिच्या गावोगावच्या शाखांत सभासद जमतात, कोणी हातोडीचा दांडा दुरुस्त करून दाखवतो, कोणी आपल्याला न सुटलेली अडचण मांडतो, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या तिच्या मासिकात असे अनुभव छापले जातात.

तिची परीक्षाही विचार करण्यासारखी आहे. लेखी परीक्षा आणि दुरुस्तीची परीक्षा यांखेरीज उमेदवाराला एक पियानो लावून दाखवावा लागतो. त्याआधी अनुभवी परीक्षक एकत्र बसून तोच पियानो जितका उत्तम लावता येईल तितका लावतात, प्रत्येक स्वराची नोंद करतात आणि मग वाद्य मुद्दाम बिघडवतात. उमेदवाराने लावलेले सूर या नोंदीशी ताडून पाहिले जातात. म्हणजे कसोटी कोणा एका उस्तादाच्या मर्जीची राहत नाही. अनेक जाणत्या कानांनी मिळून ठरवलेली ती असते.

अशा देवघेवीची गरज किती खरी आहे हे एका उदाहरणाने कळेल. पियानोच्या यंत्रणेत लहान लहान कण्या फिरतात, आणि त्या जेथे फिरतात त्या छिद्रांना लोकरी कापडाचे अस्तर असते. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एका नामांकित कारखान्याने त्या कापडाऐवजी टेफ्लॉनचे अस्तर घातले. ते झिजणार नाही, दमटपणाने फुगणारही नाही, असा हिशेब होता. हिशेब टेफ्लॉनपुरता बरोबर होता. पण त्याच्याभोवतीचे लाकूड ऋतूप्रमाणे फुगत आणि आकसत राहिले. दोघांचे सूत जमेना. यंत्रणा कट्‌कट् वाजू लागली किंवा अडकू लागली. एखाद्या गावी एकटा काम करणारा माणूस अशा वेळी आपल्याच हाताला किंवा त्या एका वाद्याला दोष देत बसेल. दहा गावचे दहा जण आपापल्या नोंदी समोरासमोर ठेवतील, तेव्हा दोष योजनेत आहे हे त्यांना कळेल. तो कारखाना १९८० च्या दशकात पुन्हा कापडाच्या अस्तराकडे वळला.

शास्त्रज्ञालाही या बैठकीत जागा आहे. वरच्या सप्तकातील स्वर गणितापेक्षा थोडे चढे आणि अगदी खालचे थोडे उतरते लावले तरच पियानो कानाला बरा वाटतो, हे कारागिरांच्या हाताला ठाऊक होते. १९३८ साली रेल्सबॅक या भौतिकशास्त्रज्ञाने कानाने लावलेल्या पियानोंचे स्वर मोजून हा ताण कागदावर आलेखाच्या रूपाने मांडला. पोलादी तार आदर्श दोरीसारखी लवचिक नसते. तिच्या ताठरपणामुळे तिचे उपस्वर थोडे चढे निघतात, आणि कान त्यांच्याशीच सप्तक मिळवत असतो, असा त्याचा उलगडा आहे. कानाने आधी ओळखले आणि शास्त्राने मागाहून कारण सांगितले. त्या वक्ररेषेला त्या शास्त्रज्ञाचे नाव आहे. पण तिचा प्रत्येक बिंदू कोणा अनामिक कारागिराच्या मनगटाने घातलेला आहे.

या देशातील स्थिती

हा सर्व विचार परदेशापुरता ठेवून भागणार नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले, आणि सासष्टी-बार्देशच्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत पियानो आला. तेथून मुंबईस गेलेल्या गोमंतकीय वादकांनी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. मुंबई, पुणे, हैदराबाद, इंदूर अशा शहरांतील शाळा, क्लब, चर्च आणि काही घराणी यांच्याकडेही ही वाद्ये आली. वाद्ये जहाजाने आली. त्यांची देखभाल करणारे हात मात्र थोडेच तयार झाले. बहुधा बापाने मुलाला शिकवावे आणि मुलाने नातवाला, असाच हा व्यवसाय चालला.

आता अडचण अशी की, विलायती ग्रंथ विलायतेच्या हवेसाठी लिहिलेले असतात. तेथे हिवाळ्यात घरे तापवली जातात, हवा कोरडी होते, सूर उतरतात. उन्हाळ्यात ते चढतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ऋतूंची भाषा वेगळी आहे. मृगाचा पाऊस लागला की नादफळी फुगते आणि सूर चढू लागतो, लाकडी पट्ट्या एकमेकींना अडतात, तारांवर आणि खुंट्यांवर गंज धरतो, आणि नमद्याला कसर लागते. उलट इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वैशाखात खुंट्यांची फळी सुकते, तिला सूक्ष्म तडे जातात, आणि मग खुंटी कितीही फिरवली तरी ताण धरत नाही. पाऊस सुरू होण्यापूर्वी लावावे की ओसरल्यावर, वाद्यात मंद उष्णतेची कांडी ठेवावी की न ठेवावी, कोणत्या खोलीच्या कोणत्या भिंतीशी वाद्य उभे करावे, या प्रश्नांची उत्तरे लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या पुस्तकात नाहीत. ती येथे आयुष्यभर काम केलेल्या मोजक्या माणसांच्या स्मरणात आहेत. ती कोठे लिहिली गेली नाहीत, कोणाला सांगितली गेली नाहीत, तर त्या माणसांबरोबरच जातील.

स्वर मोजणारी विद्युत्‌यंत्रे आली, आता कानाची गरज काय, असा प्रश्न काही जण करतात. यंत्र हे उपयुक्त साधन आहे आणि उत्तम कारागीरही ते वापरतात. पण यंत्र सूर कोठे न्यावा ते सांगते. खुंटी स्थिर बसली की नाही, हातोडीचा नमदा आणखी एक टोचणी सोसेल की नाही, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेथे अनुभवी माणूसच लागतो, आणि त्या माणसाला विचारावयास दुसरा अनुभवी माणूस लागतो.

म्हणून अशा कारागिरांनी वर्षातून दोन-चार वेळा तरी एकत्र बसावे, एक बिघडलेला पियानो मध्ये ठेवून आपापली रीत दाखवावी, पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या सुरांच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या एकमेकांस द्याव्यात, यापेक्षा अधिक खर्चाची योजना आरंभी नको आहे. संगीतशाळांनी जागा द्यावी आणि वाद्यांच्या मालकांनी आपले जुने वाद्य अभ्यासासाठी खुले करावे. मिरजेचे तंबोरेवाले आणि पेटी दुरुस्त करणारे कारागीरही या बैठकीत परके ठरणार नाहीत. लाकूड, तार, हवा आणि कान या चार गोष्टींशी त्यांचाही रोजचा व्यवहार आहे. आपल्या विद्येचा वाटेकरी वाढला तर आपला वाटा घटेल, ही भीती कारागिराच्या मनात आजही असते. पॅरिसच्या त्या अंध माणसालाही ती वाटण्यास पुष्कळ कारण होते, कारण त्याच्याजवळ दुसरे काहीच नव्हते. त्याने तरीही पुस्तक छापले. ज्या घरांत आज पियानोवर फुलदाण्या ठेवलेल्या आहेत आणि झाकण वर्षानुवर्षे उघडलेले नाही, त्या घरांतील वाद्ये पुन्हा बोलती व्हावीत अशी इच्छा असेल, तर येथील कारागिरांनाही त्याच वाटेने जावे लागेल.